भूत वाड्यात की शिवारात?

इंग्रजी भूतकथेतले घर लांबून दिसावे लागते. टेकाडावर उभे, भोवती जुनी झाडे, वरच्या मजल्यावर उजेडाची एकच खिडकी. घोडागाडीतून येणाऱ्या पाहुण्याला ते मैलभर आधी दिसते आणि वाचकाला भ्यायला तेवढी सवड मिळते. औशाचा भुईकोट नेमका उलटा आहे. सभोवतालची जमीन उंच, किल्ला खोलगट जागी. खंदकाच्या जवळ येईपर्यंत त्याचा बराचसा भाग नजरेस पडत नाही. बहमनी काळात तो असा बांधला गेला, कारण आतून शत्रू लांबवर दिसावा आणि शत्रूला आतले काही दिसू नये. मराठी भयकथेलाही तो दिसला नसावा. लातूर-नांदेडकडे किल्ले, गढ्या, वाडे यांची काही कमी नाही, तरी आपली भयकथा कोकणात गेली, पुण्यात मुक्कामाला राहिली, मुंबईच्या चाळींत शिरली आणि इकडे क्वचितच फिरकली. असे का झाले, हे पाहायचे तर आधी त्या इंग्रजी घराचा हिशेब मांडावा लागतो.

या घराण्याचा मूळपुरुष होरेस वॉल्पोल. त्याची 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' ही कादंबरी १७६४ सालची. तिच्यात आभाळातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडते आणि ऐन लग्नाच्या दिवशी घराचा वारस त्याखाली चिरडून मरतो. कारण काय, तर आज्याने खऱ्या धन्याला विष घालून गढी बळकावलेली असते. पुढे दीडशे वर्षे इंग्रजांनी ही गोष्ट नाना तऱ्हांनी सांगितली. ऑस्कर वाइल्डने १८८७ मध्ये 'द कँटरव्हिल घोस्ट' लिहून तिची यथेच्छ थट्टा केली. त्यात एक अमेरिकन कुटुंब भुतासकट घर विकत घेते आणि भुताच्या साखळ्या वाजू नयेत म्हणून त्याला तेलाची बाटली देते. १८९८ मध्ये हेन्री जेम्सने 'द टर्न ऑफ द स्क्रू' लिहिली. भूत खरे की मुलांना सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यातले, हा वाद अजून मिटलेला नाही. एम. आर. जेम्स हे केंब्रिजचे विद्वान गृहस्थ नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना आपल्या भूतकथा वाचून दाखवत.

या सगळ्यांत समान काय? भुताला नाव असते. जिन्यात त्याची तसबीर टांगलेली असते. त्याचा जन्म, मृत्यू, लग्न, गुन्हा यांची नोंद घराण्याच्या कागदांत सापडते. ते भूत त्या घराच्या मालमत्तेतच मोजले जाते. म्हणून घर परवडेनासे झाले की भूतकथेला बहर येतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान वारसाकराने आणि नोकरांच्या टंचाईने इंग्लंडातली थोरली घरे एकामागून एक पाडली जात होती. नेमक्या त्याच काळात, १९३६ मध्ये, नॉरफोकच्या रेनम हॉलमधल्या 'तपकिरी बाई'चे छायाचित्र छापून येते, आणि १९४० मध्ये हॅरी प्राइस आदल्या वर्षी जळालेल्या बॉर्ली रेक्टरीला इंग्लंडातले सर्वांत झपाटलेले घर ठरवून पुस्तक काढतो. सारा वॉटर्सची 'द लिटल स्ट्रेंजर' (२००९) तर उघडउघड गळक्या छपराची आणि विकायला काढलेल्या जमिनीची कादंबरी आहे. भूत तिच्यात आहे की नाही, हा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत लोंबकळत राहतो.

हा साचा मराठीत नेऊन पाहिला तर सर्वांत चपखल बसतो शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुतण्या गादीवर, काका नजरकैदेत, हुकमात एका अक्षराचा फेरफार झाल्याची वदंता, आणि मग अमावास्येला ऐकू येणारी ती हाक. ओट्रान्टोनंतर अवघ्या नऊ वर्षांनी पुण्यात ओट्रान्टो प्रत्यक्ष घडले. फरक असा की १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला आणि उरली तटबंदी. वारस मेला, घर गेले, कथा हाकेपुरती राहिली. शाळकरी मुलांना सहलीत सांगायला ती पुरते, कादंबरीला पुरत नाही.

आणि औसा? १७६० च्या फेब्रुवारीत उदगीर-औसा पट्ट्यात सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. पुढच्याच जानेवारीत ते पानिपतावर लढले आणि परत आले नाहीत. किंवा आले, असे म्हणणारेही होते. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. काही वर्षांनी भाऊसाहेब म्हणवणारा एक माणूस उभा राहिला, त्याच्या मागे फौजफाटा जमला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. मेलेला माणूस दारात परत येतो, बायको वाट पाहते आहे, आणि सरकारला पंचनामा करून तो तोच नाही हे ठरवावे लागते. याहून सरस भूतकथा मराठी इतिहासात नाही. तिचे नाटक झाले ते राजकीय, न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' १९१३ चे. भयकथा म्हणून तिला कोणी हात लावला नाही, याचे नवल वाटते.

निजामाच्या मुलखात मात्र भुताने दोनदा मुक्काम केला, आणि दोन्ही वेळा लिहिणारा बाहेरचा होता.

पहिला रवींद्रनाथ. 'क्षुधित पाषाण' ही त्यांची कथा १८९५ ची. तिच्यातला सांगणारा माणूस निजाम सरकारात कापसाचा कर वसूल करायला बरीच नावाच्या गावी नेमला गेलेला आहे. नदीकाठी कुण्या महमूदशहाने विलासासाठी बांधलेला संगमरवरी महाल ओस पडला आहे. लोक सांगतात, दिवसा राहा, रात्री राहू नको. तो राहतो. मग रोज संध्याकाळी अडीचशे वर्षांपूर्वीच्या बायका पायऱ्या उतरून नदीवर जाऊ लागतात, आणि सकाळी एक वेडा मेहेर अली महालाभोवती फेऱ्या घालत हे सगळे खोटे आहे म्हणून ओरडतो. कथेतला भूगोल सैल आहे; मूळ महाल अहमदाबादच्या शाहीबागेतला, जिथे रवींद्रनाथ तरुणपणी भावाकडे राहिले होते. पण त्यांनी नोकरी निजामाची दिली, खाते कापसाचे दिले. ज्याने लातूरच्या अडतीचा इतिहास थोडासा जरी चाळला आहे त्याला हा वसुली कारकून ओळखीचा वाटेल. या कथेवर तपन सिन्हांनी १९६० मध्ये बंगाली चित्रपट काढला आणि गुलजारांनी 'लेकिन'. त्याचे संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. अशी ती मराठी घरांत पोचली, पण पोचली राजस्थानच्या वाळूतून. कापूस वाटेत गळाला.

दुसरा फिलिप मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) लिहिणारा हा साहेब १८५३ पासून चार वर्षे नळदुर्गला होता. निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या मुलखाचा कारभार त्याच्या हाती होता. तिथे बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाहीतला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळत असताना माणूस आत कोरडा उभा राहतो. इतके सज्ज नेपथ्य उशाशी असून टेलरला भूत दिसले ते भलतीकडेच. मृत्यूनंतर १८७७ मध्ये छापल्या गेलेल्या आत्मचरित्रात त्याने ते सांगितले आहे. हैदराबादकडे कूच करताना मक्तलहून लांबची मजल मारून तो एका खेड्याशी तंबूत पडला होता. गावची कुत्री भुंकत होती, कोल्हे ओरडत होते, उकाड्याने झोप नव्हती. तंबूच्या उघड्या दारात चांदण्यात एक बाई उभी दिसली. तरुणपणी विलायतेत जिच्यावर त्याचा जीव जडला होता ती, पांढऱ्या झालरीच्या वेषात, हात पसरून, मला जाऊ देऊ नकोस म्हणून विनवणारी. तो अनवाणी धावला, पहारेकरी बघत राहिला, आकृती विरली. त्याने वडिलांना पत्र घातले. उत्तर आले की त्याच दिवशी तिचे लग्न लागले. साल त्याने मुद्दाम सांगितलेले नाही.

इथे दख्खनचे फक्त कोल्हे-कुत्रे आहेत. बाई विलायतेची, वेष विलायतेचा, आणि ती मेलेलीही नाही. साहेब सात समुद्र ओलांडून आला आणि आपले भूत सोबत घेऊन आला. आपल्याकडचे भूत त्याला दिसणे शक्यच नव्हते, कारण ते तंबूच्या दारात येत नाही. ते विहिरीवर असते.

मराठवाड्यातल्या भुतांचा पत्ता विचारा. मुंजा पिंपळावर. साती आसरा विहिरीत, डोहात. चकवा पांदीत किंवा माळावर. हडळ ओढ्याकाठी. म्हसोबा, वेताळ शिवेवर. घरात कोणी नाही. घरात देव आहेत, घरात पितर आहेत. पितर त्रास देतात तेव्हा त्याला भूत म्हणत नाहीत, दोष म्हणतात, आणि तो विधीने निस्तरतो. वास्तूची भीती आपल्याला वास्तुशांतीने आवरता येते. जिला आवर नाही ती भीती शिवारातली.

आणि वेळ? इंग्रजी भुताला धुके लागते, रात्र लागते. इकडची म्हातारी माणसे दोन वेळा सांगतात, रात्रीचे बारा आणि दुपारचे बारा. भर दुपारी विहिरीवर जाऊ नको, एकट्याने चिंचेखाली थांबू नको. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा शिवारात चिटपाखरू नसते, सावली पायाखाली गेलेली असते, आणि एकटी बाई पोहऱ्यावर वाकलेली असते. ऊन लागून भोवळ आली तर वाचवायला कोणी नाही. या बंदीत शहाणपण आहे, आणि गोष्टीसाठी लागते ते सगळे आहे. उजेडातली भीती रंगवणे अवघड असते. अंधारात लेखकाला बरेच काही झाकता येते, भर दुपारी काहीच झाकता येत नाही. मराठी भयकथाकार कोकणाकडे वळले त्याचे एक कारण मला हेच दिसते. पाऊस, माड, कंदील, कौलातून ठिबकणारे पाणी. निम्मे काम हवामानच करून टाकते. (बोअर आल्यापासून आसरांचे काय झाले, हा प्रश्न मी बऱ्याच जाणत्यांना विचारला आहे. सहा इंचाच्या नळीत सात बहिणी मावत नाहीत, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत आहे.)

कोकणच्या या मक्तेदारीचा इतिहास थोडक्यात असा. चिं. त्र्यं. खानोलकरांनी त्या भूमीतला अंधार साहित्यात आणला; त्यांच्याकडे भूत क्वचित, झपाटलेपण मात्र ओळीओळीत. १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'ने वाड्यातल्या भीतीला लोकप्रिय गाणी दिली. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' मालिकेने आकेरीचा एक वाडा इतका प्रसिद्ध केला की लोक तो पाहायला जाऊ लागले. इंग्लंडात तिकीट काढून भुताचे घर दाखवतात त्याच वळणावर आपणही आलो. २०१८ च्या 'तुंबाड'ने श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतले गाव उचलले आणि नारायण धारपांच्या कथेतली भीती. धारप (१९२५–२००८) हे या प्रांताचे खरे जमीनदार. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, म्हणजे अमेरिकेतले झपाटलेले घर तिथून मराठी गावात आले. या उसनवारीवर नाक मुरडणारे बरेच आहेत. मला ती मोठी कामगिरी वाटते, कारण परकी वास्तू मराठी माणसांनी भरून टाकणे सोपे नाही. रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) उलट वाट धरली. त्यांनी भीती वाड्यातून काढून मध्यमवर्गाच्या दोन खोल्यांत आणली. भूतकथेला गढी लागत नाही, हे मराठीत त्यांच्याइतके कोणी सिद्ध केले नाही.

पण झपाटलेल्या घराची मराठीतली सर्वोत्तम पुस्तके भयकथेच्या कपाटात ठेवलेलीच नाहीत. जयवंत दळवींचे 'बॅरिस्टर' हे नाटक घ्या. विलायतेहून आलेला, पाइप ओढणारा धनी, घराण्यात चालत आलेले वेड, केशवपन झालेली मावशी, आणि ते थोरले घर. भूत सोडून सगळा इंग्रजी सरंजाम इथे हजर आहे. किंवा महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी', १९८५ चे. विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारले आहेत, तेराव्याच्या खर्चावरून भावांची जुंपली आहे, दारात ट्रॅक्टर गंजतो आहे आणि आतून म्हातारी आजी पुन्हा पुन्हा मेलेल्या मुलाला हाक मारून वेळ विचारते आहे. जिवंत माणसांनीच वाडा झपाटून टाकला की भुताला जागा उरत नाही.

मराठवाड्यातल्या गढ्यांचे तेच झाले, जरा लवकर झाले. हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० चा हैदराबादचा कूळकायदा आला, आणि पांढऱ्या मातीच्या त्या थोरल्या गढ्या पोसायची ऐपत संपली. पुढचे काम वाटण्यांनी केले. ढाळजेत एक भाऊ, चौकाच्या पलीकडे दुसरा, मधे विटांची भिंत. बळदात धान्याऐवजी सरपण. कोर्टातला दावा बापाकडून लेकाकडे येतो. पडक्या गढीची माती लोक शेतात टाकायला नेतात आणि खणताना प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट असते, गुप्तधनाची. हंडा, त्यावर बसलेला नाग, आणि नाग म्हणजे मेलेला धनी. इंग्रजी भुताला न्याय हवा असतो, आपल्या नागाला फक्त राखण करायची असते. या गोष्टीची काळी बाजू वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली आहे; नरबळीविरोधी कायदा करायला महाराष्ट्राला २०१३ साल उजाडावे लागले आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जीव जावा लागला. भूत काढण्याच्या नावाखाली बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरवले. भयकथेवर त्याने बंदी आणलेली नाही, तरी काही लेखक उगाच बिचकतात.

औसा तालुक्यात घराच्या भीतीला आणखी एक तारीख आहे. किल्लारी याच तालुक्यातली. १९९२ साली तिथे धक्के बसू लागले, जमिनीखालून आवाज येऊ लागले, लोक घाबरले, तक्रारी केल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. मारले ते घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, आणि वर दरवर्षी नवी माती पडून वाढत गेलेले माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे, ज्याच्या रुंदीवरून घराण्याची पत जोखली जायची, तेच बांधकाम अंगावर आले. जेवढा वाडा थोर तेवढे ओझे जास्त. त्यानंतर कित्येक महिने लोक धड उभ्या असलेल्या घरातही झोपायला धजत नव्हते. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली.

भूतकथेचा जुना संकेत आहे की घर आधी इशारा देते: जिना करकरतो, भिंतीतून आवाज येतो, शहाणी माणसे ऐकत नाहीत. किल्लारीत तो संकेत अक्षरशः घडला. त्यावर भुताची गोष्ट रचणे क्रूर वाटते, आणि इकडच्या लिहित्या माणसांनी ती रचली नाही याचे कारण हेच असावे. ज्याच्या घरची चार माणसे माळवदाखाली गेली त्याला पांढऱ्या साडीतल्या बाईची भीती कोण घालणार?

अलीकडे एका चित्रपटाने मात्र मुलूख अचूक ओळखला. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी', २०१७ चा. सावकारांपासून पळालेले जोडपे उसाच्या फडांमधल्या एका घरात आसऱ्याला येते. बायको गरोदर आहे, घरातली बाई प्रेमळ आहे, आणि फडात मुले खेळताना दिसतात. उलगडा होतो तो मारून टाकलेल्या मुलींचा. चित्रपट उत्तरार्धात जास्त बोलतो, सगळे समजावून सांगतो. तरी पुरुषभर उंचीच्या उसात वाट हरवणे ही भीती ज्याने फड पाहिला आहे त्याला शिकवावी लागत नाही. भर दिवसा, उन्हात, चारी बाजूंनी हिरवे, आणि आवाज कुठून येतो ते कळत नाही. दुपारचे भूत इथे पहिल्यांदा नीट पडद्यावर आले. हिंदीत त्याचे 'छोरी' झाले.

राहता राहिला नावाचा प्रश्न. इंग्रजी भुताला नाव, तसबीर आणि खरेदीखत असते, हे वर आलेच. आपल्या भुताला असते ती जात. ब्रह्मसंबंध ब्राह्मणाचा, मुंजा सोडमुंज व्हायच्या आत मेलेल्या बटूचा, खवीस बहुतेक ठिकाणी मुसलमानाचा मानतात. कोण मेला, कधी, कुणाच्या हातून, हे कोणी सांगत नाही. वर्ग सांगितला की काम भागते, उताराही त्या वर्गाप्रमाणे ठरतो. म्हणून आपल्याकडे भुतांच्या हकिगती अमाप आणि भूतकथा थोड्या. हकिगतीला नाव नसले तरी चालते, कथा नावावाचून उभी राहत नाही.

औशाच्या आसपास नावे लपवायला कारणही होते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या लोकांनी खेडोपाडी केलेले अत्याचार घरोघर सांगितले जातात, शाळेत शिकवले जातात, दरवर्षी १७ सप्टेंबरला त्यांची आठवण काढली जाते. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवर जे गुदरले ते पाहायला नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड धरले, लातूर शहराचा नावानिशी उल्लेख केला आणि हैदराबाद राज्यातल्या एकूण बळींचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांच्या घरात दिला. अहवाल कित्येक वर्षे दडवलेला होता. मारल्या गेलेल्यांच्या घरांची पुढे काय व्यवस्था लागली, कोण राहायला आले, कुठली खोली वापरात घेतली नाही, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते आणि ते खवीस एवढाच शब्द उच्चारून थांबतात. वॉल्पोलची आभाळातून शिरस्त्राण पाडणारी कादंबरी ज्या प्रश्नावर उभी आहे तो हाच: हे घर मुळात कुणाचे? मराठवाड्यातल्या भयकथेने तो विचारायचा ठरवला तर तिला कोकणातला पाऊस लागणार नाही, विलायती धुकेही लागणार नाही. तलाठ्याच्या दप्तरातले जुने फेरफार पुरतील, आणि त्यांत खविसाचे नाव, बापाचे नाव आणि गट नंबर लिहिलेला असेल.